तोरण्याकडचा हात

मे महिन्यात माझ्या पुतण्याची मुलगी चार दिवस विंझरला राहून गेली. पुण्यात ती सोसायट्यांमधून व्यायामाचे वर्ग घेते. तिला ग्रुप फिटनेस इन्स्ट्रक्टर म्हणायचं. 'पीटीच्या बाई' म्हटलेलं चालत नाही. (मी दोनदा म्हणून पाहिलं.) आमच्या आळीतल्या बायकांनी हौसेनं तिला गळ घातली, "आमालाबी शिकीव की," आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता समाजमंदिरात चौदा जणी पदर खोचून हजर. सर्वांत लहान तिशीची. सर्वांत मोठ्या म्हणजे माझ्या शेजारच्या वहिनी, माझ्याहून दोन वर्षांनी थोरल्या. मी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले. तपासणीला आल्यासारखी!

पहिल्या दहा मिनिटांत काय झालं ते सांगते. गाणं मोठ्यानं सुरू. पोर बायकांकडे तोंड करून उभी, हालचाली अगदी सुरेख. "राइट आर्म अप! इनहेल! नाऊ लेफ्ट! कोअर टाइट! अँड चेंज!" हा 'चेंज' बायकांच्या कानावर पडेपर्यंत तिची हालचाल बदललेलीसुद्धा असायची. तिच्याकडे बघून करावं तर तिचा उजवा हात यांच्या डावीकडे. अर्ध्या जणींचा उजवा वर, अर्ध्या जणींचा डावा, दोघींच्या बांगड्या एकमेकींत अडकल्या. हसाहशी झाली, इथपर्यंत ठीक. पण वहिनी तीनदा चुकल्या. तिसऱ्यांदा पोर प्रेमानंच म्हणाली, "काकू, तुम्ही आज नुसतं बसून बघा हं." वहिनी माझ्या खुर्चीशेजारी भुईवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, आपल्या डोस्क्यातच शिरत नाय."

या वाक्यानं मला दिवसभर चैन पडलं नाही. पस्तीस वर्षं शाळेत मी हे वाक्य ऐकलं आहे. मुलाच्या तोंडी ते येतं तेव्हा बहुतेक वेळा आम्हीच ते तिथे नेऊन ठेवलेलं असतं.

रात्री जेवणं झाल्यावर मी विषय काढला. नात म्हणाली, "आजी, याला क्यू देणं म्हणतात." क्यू म्हटल्यावर मला रेशनच्या दुकानापुढची रांग आठवली, पण हा क्यू वेगळा. पुढची हालचाल कोणती, कुठल्या बाजूला, किती वेळा, हे वर्गाला आधी सांगायचं ते म्हणजे क्यू. तिनं अभ्यासक्रमाची वही उघडून दाखवली. एक पूर्ण प्रकरण त्यावर. आणि प्रकरणाच्या सुरुवातीलाच तक्ता: शिकणारी माणसं तीन प्रकारची. बघून शिकणारी, ऐकून शिकणारी आणि करून-स्पर्शानं शिकणारी. प्रत्येकाला त्याच्या प्रकारचा क्यू द्यावा. "त्या काकू ना, किनेस्थेटिक लर्नर आहेत. त्यांना ऐकून कळत नाही," असा तिनं निकाल दिला.

दहा मिनिटांत! आम्हाला एखाद्या मुलाचं अक्षर ओळखायलासुद्धा सहामाही लागायची.

हा तक्ता मला अजिबात मान्य नाही, आणि का नाही ते सांगायलाच आज लिहायला बसले आहे. नातलग मंडळींना वाटेल, आजी पोरीवर घसरली. तसं नाही. ती गुणी आहे. तिच्या हातात दिलेली वही चुकीची आहे, आणि तीच वही आपल्या शाळांमधूनही फिरते आहे.

या तक्त्याचं मूळ फार जुनं नाही. त्याचा सर्वांत गाजलेला अवतार नील फ्लेमिंग नावाच्या न्यूझीलंडच्या गृहस्थांचा. तेही आमच्याच खात्यातले, शाळा तपासनीस होते. कोलीन मिल्स यांच्याबरोबर त्यांनी १९९२ साली लेख लिहिला आणि बघणारे, ऐकणारे, वाचणारे-लिहिणारे, करणारे असे चार प्रकार मांडले. माणसानं स्वतःच्या शिकण्याबद्दल विचार करावा, एवढा त्यांचा मूळ हेतू होता. पुढे त्याचे छापील फॉर्म निघाले, शिबिरं निघाली, आणि विचार करायला दिलेली गोष्ट शिक्का मारायच्या कामी आली.

मग २००८ साली पॅशलर, मॅकडॅनिएल, रोहरर आणि ब्यॉर्क या चार अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तोवरचं संशोधन तपासलं. त्यांचा प्रश्न सरळ होता. 'बघणाऱ्या'ला दाखवून आणि 'ऐकणाऱ्या'ला सांगून शिकवलं तर ते उलट शिकवण्यापेक्षा जास्त शिकतात का? तसं नीट तपासून सिद्ध केल्याचा पुरेसा पुरावाच त्यांना सापडला नाही. माणसांना आवडीनिवडी असतात, हे त्यांनीही मान्य केलं. कुणाला चित्रं आवडतात, कुणाला गोष्ट. पण आवड वेगळी आणि शिकण्याची वाट वेगळी. मला श्रीखंड आवडतं म्हणून ते मला जास्त पचतं असं नाही!

आणि व्यायामात तर हा तक्ता फारच गमतीचा होतो. हात वर करणं ही गोष्ट शेवटी प्रत्येकाला करूनच शिकायची आहे. कान देऊन कोणी सूर्यनमस्कार घातलेत?

आता माझं पाप सांगते, म्हणजे मी इतकी का चिडले ते कळेल.

१९८४ साल. शाळेत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक नव्हते, म्हणून मराठीच्या बाईंच्या गळ्यात कवायत पडली. २६ जानेवारीच्या संचलनाची तयारी चालू होती. शेवटच्या रांगेतला एक मुलगा प्रत्येक वळणाला अर्धा क्षण मागे. मी "दाहिने मूड" म्हटलं की सगळी रांग वळायची आणि मग हा. चार दिवस ओरडले. पाचव्या दिवशी "तुझ्यामुळे सगळी रांग बिघडते" म्हणून त्याला कट्ट्यावर बसवला. मनात त्याचा प्रकार ठरवून टाकला होता: मंद. पुढे उन्हाळ्यात त्याची आई भेटली, बोलता बोलता कळलं की पोराचा कान लहानपणापासून वाहतो, एका कानानं ऐकूच येत नाही. तो शेजारच्या मुलाकडे बघून वळत होता. म्हणून अर्धा क्षण मागे. त्याला पहिल्या रांगेत, चांगला कान माझ्याकडे करून उभा केला असता तर प्रश्नच नव्हता. पण २६ जानेवारी होऊन गेला होता, आणि पुढच्या वर्षी त्यानं कवायतीला नाव दिलं नाही. मीही विचारलं नाही.

तेव्हा माझ्याकडे नातीची वही असती तर मी त्याला 'मंद' न म्हणता 'बघून शिकणारा' म्हटलं असतं. नाव गोंडस झालं असतं. कान मात्र तेव्हाही तपासला नसता. तक्त्याबद्दल माझी खरी तक्रार ही आहे. प्रकार ठरला की चौकशी थांबते. आणि चूक सांगणाऱ्याच्या अंगावरून निघून ऐकणाऱ्याच्या अंगावर जाऊन बसते.

समाजमंदिरात वहिनींचा प्रकार चुकला नव्हता. सूचना चुकली होती. ती उशिरा आली, परक्या भाषेत आली, आणि ज्या बाजूची होती ती बाजू समोर उलटी दिसत होती. तीनही दोष देणारीचे.

मग चांगली सूचना कशी असते? यासाठी न्यूझीलंडला जायला नको. आपल्याकडे घोळक्यानं अंग हलवायची विद्या काही कमी नाही.

पहिली गोष्ट वेळेची. कवायतीची आज्ञा दोन तुकड्यांत असते. "दाहिनेऽऽ" हा इशारा, मग थोडी उसंत, मग "मूड" हा हुकूम. पहिल्या तुकड्यात मन वळतं, दुसऱ्यात पाय. ती मधली उसंत गिळली तर जगातली उत्तम पलटणसुद्धा फुटेल. कीर्तनात पावली खेळणाऱ्या वारकऱ्यांकडे बघा. कोणी ओरडून सांगत नाही, पण मृदंगाचा हात बदलला की शंभर पावलं बदलतात. ढोल-ताशा पथकात ताशा आधी बोलतो, ढोल मागून उचलतात. आमच्या शाळेच्या लेझमीत हलगी आणि शिट्टी हेच काम करत. झिम्मा-फुगडीत तर गाणंच पुढचं सांगतं. नातीच्या एरोबिक्सचंही गणित तेच आहे. तिनंच मला समजावलं: आठ-आठ मात्रांचे चार तुकडे मिळून बत्तीस मात्रांचा एक फेरा होतो, आणि नव्या हालचालीची सूचना जुन्या फेऱ्याच्या शेवटच्या चार मात्रांत द्यायची असते. चार, तीन, दोन असे उलटे आकडे म्हणतात ते त्यासाठीच. म्हणजे नियम तिला पाठ होता. गाण्याच्या आणि उत्साहाच्या भरात तो सुटत होता.

दुसरी गोष्ट, शरीराच्या भागाला हुकूम सोडण्यापेक्षा बाहेरची खूण द्यावी. "कोअर टाइट" म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही. पण "मागे पाट मांडलाय, तो शोधत हळूच खाली या" म्हटलं की चौदाच्या चौदा जणी नीट बसका मारतात, कारण पाटावर बसणं हे त्या जन्मभर करत आल्या आहेत. याला शास्त्राचाही आधार आहे. गॅब्रिएले वुल्फ या जर्मन संशोधक बाईंनी सहकाऱ्यांबरोबर १९९८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. डावी-उजवीकडे सरकणाऱ्या फळीवर काही जणांना झोके घ्यायला शिकवलं. काहींना सांगितलं, आपल्या पायाच्या जोराकडे लक्ष द्या. काहींना सांगितलं, फळीखालच्या चाकांकडे लक्ष द्या. चाकं नि पाय यांत अंतर कितीसं? पण चाकांवर लक्ष ठेवणारे चांगले शिकले. आपल्या आसनांची नावं पाहा: ताड, वृक्ष, नौका, भुजंग. नाव म्हणजेच खूण. नागानं फणा काढलेला शेतावरच्या बाईनं पाहिलेला असतो. तिला 'थोरॅसिक स्पाइन एक्स्टेंड करा' कशाला सांगायचं?

तिसरी गोष्ट, तोंड कमी आणि डोळे जास्त. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले ते अठरा वर्षांचे होते. गुरू कृष्णम्माचार्यांनी त्यांना डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला पाठवलं होतं. मराठी येत नव्हतं, इंग्रजी जेमतेम. म्हणजे वहीतल्या हिशेबानं 'ऐकून शिकणाऱ्यां'साठी या माणसाकडे द्यायला काहीच नव्हतं! त्यांनी स्वतः करून दाखवलं, समोरच्याचं शरीर निरखलं, हात लावून जागा दाखवली. पुढे घोंगड्या, विटा, दोऱ्या, खुर्च्या आणल्या, म्हणजे ज्याचा हात जमिनीला पोचत नाही त्याच्यासाठी जमीनच वर आली. (त्यांचा हात जड होता, असं त्यांचेच शिष्य सांगतात. ते अनुकरण नको. हात लावण्याआधी विचारावं.) शब्दांची चणचण होती म्हणून नजर तयार झाली, असं मला वाटतं. याच्या उलट टोक मुंबईत. दादरच्या शिवाजी पार्कवरच्या समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलींना मल्लखांब शिकवला. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे दाखवून उपयोग नाही. खांब हाताला लागला पाहिजे आणि शब्द अचूक पाहिजे. त्या मुलींना दिसत नाही, ही चौकशी करून कळलेली खरी गोष्ट होती. ती कुठल्या प्रश्नावलीतून निघालेली नव्हती.

यावर नात गप्प बसणारी नाही. ती म्हणाली, "आजी, पण माणसं वेगळी असतातच ना? आणि त्या तक्त्यामुळे निदान मी सांगते, दाखवते, हातही लावते. नाहीतर नुसती ओरडलेच असते."

तिचं निम्मं बरोबर आहे आणि ते मी कबूल केलं. सांगा, दाखवा, करून घ्या, हे तिन्ही हवंच. पण ते सगळ्यांसाठी हवं. ही कोपऱ्यातली बघणारी, ती खांबाशेजारची ऐकणारी, अशी वाटणी नको. आणि माणसं वेगळी असतात ती गुडघ्यानं, कानानं, चष्म्यानं, वयानं, आदल्या दिवशी शेतात किती राबली त्यानं. हे वेगळेपण विचारल्यावर समजतं. "गुडघा दुखतो का? मागून ऐकू येतं का? चक्कर येते का?" हे तीन प्रश्न त्या तक्त्याहून मोलाचे.

"पण आमच्या परीक्षेत तो तक्ताच विचारतात," ती म्हणाली.

"मग परीक्षेत लिही. वर्गात वापरू नकोस."

दुसऱ्या दिवशी तिनं गाण्याचा आवाज निम्मा केला. सुरुवातीला तिन्ही प्रश्न विचारले. चौघींनी गुडघे सांगितले, एकीनं कान सांगितला, ती पुढे आली. वहिनी मात्र यायला तयार नव्हत्या. मी अक्षरशः हाताला धरून नेलं.

डाव्या-उजव्याचा घोळ कसा सोडवायचा, यावर आम्ही आदल्या रात्री बरंच डोकं चालवलं होतं. शहरात शिकवणारे आरशासारखं करतात: वर्गाला "उजवा" म्हणायचं आणि समोर उभं राहून स्वतः डावा उचलायचा. ते तिलाही येतं, पण तोंडानं उजवा आणि हातानं डावा करताना मध्येच गडबडते. मला एकदम सुचलं की आमच्या गावात डावं-उजवं कोण म्हणतं? म्हैस कुठं गेली विचारलं तर "वरल्या अंगाला" म्हणतील, "खालल्या अंगाला" म्हणतील. दिशा इथे अंगाच्या हिशेबानं नसतात, गावाच्या हिशेबानं असतात. विंझरच्या पश्चिमेला तोरणा, पूर्वेला नसरापूरचा रस्ता. बायका राजगडाकडे, म्हणजे दक्षिणेकडे तोंड करून उभ्या राहिल्या की एक हात तोरण्याकडे, दुसरा नसरापूरकडे.

"तोरण्याकडचा हात... वर!"

चौदाच्या चौदा हात एका बाजूला गेले. आणि गंमत अशी की समोर तोंड करून उभ्या असलेल्या नातीचाही तोरण्याकडचाच हात वर. तिचा तो डावा, त्यांचा उजवा, पण तोरणा काही बाजू बदलत नाही! आरशाची कसरत आपोआप मिटली. समाजमंदिराच्या भिंतींमधून गड दिसत नाही, तरी एकीलाही विचारावं लागलं नाही तो कुठे आहे.

वहिनींचा हात वर होता, आणि तो सगळ्यांच्या बरोबर वर गेला होता. सगळं जमलं असं म्हणत नाही. बसका मारताना त्यांचा गुडघा कुरकुरला, तर त्यांना खुर्ची दिली, माझीच. तिसऱ्या दिवशी दोघी आल्या नाहीत. एकीला व्यायाम आवडलाच नव्हता, तोही हक्क आहे. पण "डोस्क्यात शिरत नाय" हे वाक्य मला पुन्हा ऐकू आलं नाही.

आता नात पुण्याला गेली. तिच्या सोसायटीत तोरणा नाही, पण 'लिफ्टकडचा हात' आणि 'रस्त्याकडचा हात' चालतो, असा तिचा फोन आला. जून लागला की योगदिनाची गडबड सुरू होते. २०१५ पासून दरवर्षी २१ जूनला तो साजरा होतो आणि सरकारनं पंचेचाळीस मिनिटांचा एकच क्रम सगळ्यांसाठी ठरवून दिला आहे. क्रम एक असायला माझी हरकत नाही. पण माइक ज्याच्या हातात असेल त्यानं एवढं करावं: आधी सांगावं, मग थांबावं, मग समोर बघावं. कोणी चुकलं तर ते कुठल्या प्रकारचं आहे हे शोधण्याआधी आपण काय बोललो ते आठवावं.

असो. १९८४ मधला तो मुलगा आता पन्नाशीत असेल. कुठे असतो, मला माहीत नाही. त्याला कोणी ओळखत असेल तर माझा निरोप सांगा, की चूक बाईंची होती.